विमान बदललं की लँडिंग का बिघडतं? स्लो फ्लाइटचा सराव नेमका कसा करायचा?

उंचपंखी

माझं सगळं शिक्षण सेसना १७२एस वर झालं, लायसन्सही त्यावरच मिळालं. आता पायपर वॉरियर हे खाली पंख असलेलं विमान उडवायला लागलोय, आणि अधूनमधून मित्राच्या रोटॅक्स इंजिनाच्या दोन सीटर हलक्या विमानातही बसतो. तिन्हीकडे हात माझेच, पण शेवटचे काही सेकंद तिन्हीकडे अगदी वेगळे जातात.

१७२ मध्ये फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या उतरणीला, ६५ नॉट, पूर्ण फ्लॅप (पंखामागचे खाली उघडणारे पत्रे), धावपट्टीचा उंबरठा ओलांडला की थ्रॉटल हळूहळू बंद, नाक थोडं थोडं वर, स्टॉलचा (पंखाची उचल तुटण्याचा) इशारा देणारा भोंगा कुरकुरायला लागतो आणि मागची चाकं टेकतात. हे आता अंगवळणी पडलंय. वॉरियरमध्ये हेच सगळं केलं की विमान दोन-तीन फुटांवर तरंगत राहतं, धावपट्टी खालून सरकत जाते, आणि मग अचानक ते बसकण मारतं. हलक्या विमानात बरोबर उलटं. थ्रॉटल मागे घेतलं की वेग इतक्या झपाट्याने उतरतो की फ्लेअर करायला, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलून उतरण थोपवायला, हातात काही उरतच नाही.

इन्स्ट्रक्टर म्हणतात, स्लो फ्लाइट (स्टॉलच्या जवळच्या वेगाने उंची धरून उडणं) कर, सगळं उमजेल. ती तर मी करतोच. उंची १०० फुटांच्या आत, दिशा १० अंशांच्या आत, परीक्षेला लागतं तेवढं नीट जमतं. पण त्याचा लँडिंगशी धागा जुळत नाही. वर तीन हजार फुटांवर थ्रॉटल लावून संथ उडायचं, खाली थ्रॉटल बंद करून टेकायचं. दोन्हींत सारखं काय आहे?

शिवाय एक हिशोबाची शंका आहे. १७२एस चा पूर्ण फ्लॅपचा स्टॉल वेग ४० नॉट. फायनलचा वेग काढायला त्याला १.३ ने गुणलं तर ५२ येतात. मग विमानाचं पुस्तक आखूड धावपट्टीसाठी ६१ का सांगतं?

वेगवेगळी विमानं नेहमी उडवणाऱ्यांनी सांगावं, एका विमानावरून दुसऱ्यावर जाताना कुठल्या सवयी सोबत न्यायच्या आणि कुठल्या सोडायच्या?

---

उजवारडर

मी शिकवते, आणि आठवड्यात चार प्रकारच्या विमानांत बसावं लागतं, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजचाच आहे.

आधी हिशोब. १.३ चा गुणाकार इंडिकेटेड (घड्याळात दिसणाऱ्या) वेगावर करायचा नसतो, कॅलिब्रेटेडवर (घड्याळाची चूक दुरुस्त केलेल्या वेगावर) करायचा असतो. नाक बरंच वर असताना हवा वेग मोजणाऱ्या पिटो नळीत तिरकी येते, स्टॅटिकचा, म्हणजे बाहेरच्या हवेचा, दाबही थोडा सरकतो, आणि वेगाचं घड्याळ असलेल्या वेगापेक्षा कमी वेग दाखवतं. तुमच्या पुस्तकातला स्टॉलचा तक्ता परत उघडा. पूर्ण फ्लॅपला ४० इंडिकेटेड लिहिलंय, पण शेजारच्याच रकान्यात ४८ कॅलिब्रेटेड आहे. ४८ ला १.३ ने गुणा, ६२ च्या जवळ येता. पुस्तकातले ६१ तिथले आहेत. ५२ वर फायनल करणाऱ्याला वाटतं आपल्याकडे ३० टक्के राखीव आहे, पण असते ती त्यापेक्षा बरीच कमी. हा घोटाळा मी चांगल्या अभ्यासू मुलांच्या वह्यांतसुद्धा पाहिलाय, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आता हेही बघा की ते ६१ कमाल वजनाचे आहेत, २५५० पौंडांचे. तुम्ही एकटे असाल आणि टाक्या अर्ध्याच्या आसपास असतील तर विमान २०४० पौंडांच्या घरात येतं, म्हणजे २० टक्के हलकं. स्टॉल वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. २० टक्के वजन उतरलं की स्टॉल वेग साधारण साडेदहा टक्के उतरतो. म्हणजे जे काम भरलेल्या विमानात ६१ ला होतं तेच एकट्याने ५५ च्या आसपास होतं. त्या विमानात ७० धरून आलात तर उंबरठ्यावर गरजेपेक्षा ६० टक्के जास्त ऊर्जा घेऊन आलात, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती तरंगण्यात जाते.

मग १७२ मध्ये हे जाणवत का नाही? कारण १७२ चे फ्लॅप मोठे आहेत, पूर्ण उघडले की विमानाला चांगलाच लगाम लागतो, आणि पंख डोक्याच्या वर आहे. ग्राउंड इफेक्टमध्ये, म्हणजे जमिनीजवळ पंखाची ओढ कमी होते त्यात, पंखापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं असतं, चाकांपासून नव्हे. पंख जमिनीपासून पंखाच्या पूर्ण लांबीच्या पाव उंचीवर असेल तर इंड्यूस्ड ड्रॅग (उचल निर्माण करताना होणारी मागची ओढ) २३.५ टक्के कमी होतो. एक दशांश उंचीवर असेल तर ४७.६ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मा. १७२ चं चाक टेकतानाही पंख त्या पाव उंचीच्या जरासाच खाली असतो. वॉरियरच्या ३५ फुटी पंखाचा एक दशांश म्हणजे साडेतीन फूट, आणि टेकताना तो पंख जवळपास तेवढ्याच उंचीवर असतो. त्यात तुम्ही सवयीचे ६५ धरून येता आणि वॉरियरचं पुस्तक ४० अंश फ्लॅपला ६३ सांगतं, तेही भरलेल्या वजनाला. मागच्या सीटा रिकाम्या असताना ६५ म्हणजे जास्तच. विमान का बसत नाही याचं उत्तर एवढंच आहे.

आणि मग एकदम का बसतं? वॉरियर किंवा त्याची आधीची चेरोकी स्टॉलला तडकून नाक टाकत नाही. कंट्रोल पूर्ण मागे ओढलात तरी नाक थोडं डोलतं, पंख बहुधा सरळ राहतात, आणि व्हर्टिकल स्पीडचा (चढ-उताराचा वेग दाखवणारा) काटा मात्र निमूटपणे खाली जातो. तीन हजार फुटांवर ही फार प्रेमळ वागणूक वाटते. जमिनीपासून पाच फुटांवर तिचा अर्थ असा की नाक जागेवर दिसतंय, कसलाही झटका नाही, आणि विमान खाली चाललंय. ओढून काही होत नाही, कारण ओढण्यासारखं काही उरलेलं नसतं. तिथे उपयोगी पडतं ते थोडं थ्रॉटल. हे मुलांना जमिनीजवळ सांगून समजत नाही, वर नेऊन काट्यावर बोट ठेवून दाखवावं लागतं.

इथेच तुमचा मूळ प्रश्न येतो. परीक्षेपुरती स्लो फ्लाइट आणि लँडिंग यांच्यात धागा जुळत नाही हे तुम्ही बरोबर पकडलंय. त्याचं एक कारण असं की २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने परीक्षेचं मोजमाप बदललं. आधी भोंगा वाजत असतानाच्या वेगातही उडवून दाखवायची पद्धत होती, आता भोंगा वाजायच्या किंचित वरच्या वेगात उडवायचं असतं. हेतू चांगला आहे, वाजणाऱ्या भोंग्याकडे कानाडोळा करायची सवय लागू नये. मला तो बदल पटतो. पण त्यामुळे भोंग्यापासून टेकण्यापर्यंतचा जो तुकडा आहे तो अनेकांनी फक्त धावपट्टीवरच अनुभवलेला असतो, तोही डोळे जमिनीवर असताना आणि छाती धडधडत असताना. तो तुकडा वर जाऊन शांतपणे बघायला हवा, इन्स्ट्रक्टरला सोबत घेऊन.

मी असं करून घेते. जमिनीपासून तीन हजार फुटांवरून आणखी थोडं वर जायचं आणि ठरवायचं की तीन हजार फूट हीच धावपट्टी. अल्टिमीटरवर ती रेघ आहे. फायनलचा वेग, फायनलचे फ्लॅप, फायनलचं ट्रिम (कंट्रोलवरचा हाताचा जोर कमी करणारी सोय) लावून त्या रेघेकडे उतरत यायचं. रेघेच्या थोडं आधी नाक उचलायचं, थ्रॉटल बंद करायचं, आणि आता विमान रेघेखाली जाऊ द्यायचं नाही. उंची धरून ठेवायची, त्यासाठी कंट्रोल मागे, आणखी मागे, आणखी मागे. भोंगा वाजला की चाकं टेकली असं समजायचं. लगेच नाक खाली, पूर्ण थ्रॉटल, गो-अराउंड (न उतरता परत वर).

हे करताना मी सांगते, वेगाच्या घड्याळाकडे बघू नका, मी बघते. तुम्ही तीन गोष्टी बघा. थ्रॉटल बंद झाल्यापासून भोंग्यापर्यंत किती वेळ गेला, तोंडाने मोजा. कंट्रोल किती मागे आला, पोटापर्यंत की अर्ध्यावरच. आणि नाक क्षितिजाच्या मानाने कुठे पोहोचलं. १७२, वॉरियर आणि तुमच्या मित्राचं हलकं विमान, तिन्हींत हाच प्रयोग करा. तिन्ही उत्तरं वेगळी येतील, आणि लँडिंगमधला फरक तुम्हाला धावपट्टीकडे न जाताच कळेल. हलक्या विमानात तुमचं मोजणं सुरू होईपर्यंत भोंगा वाजलेला असेल. लांब सडपातळ पंखांच्या डायमंड डीए४० मध्ये मोजता मोजता कंटाळाल.

वेगाचा आकडा प्रत्येक विमानाचा निराळा, तो पुस्तकातून घ्यायचा. पण नव्या विमानात पहिलं लँडिंग करायच्या आधी वर जाऊन ते संथ कसं होतं हे बघणं, ही सवय सगळीकडे न्या. मी स्वतः नव्या विमानात हे केल्याशिवाय सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) शिरत नाही.

---

शेपूटचाक

ताईंनी सगळं मुद्द्याचं सांगितलंय. मी कबच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण जे-३ कब, म्हणजे शेपटीखाली चाक असलेलं विमान, ही स्लो फ्लाइट शिकण्याची सगळ्यात चांगली जागा आहे असं माझं ठाम मत आहे.

कबला फ्लॅप नाहीत, भोंगा नाही. एकट्याने उडवताना मागच्या सीटवर बसायचं, त्यामुळे वेगाचं घड्याळ पुढच्या सीटच्या पलीकडे लांब राहतं. नजर आपोआप बाहेर जाते. उजवीकडचा दरवाजा दोन भागांत उघडतो, वरचा पंखाखाली अडकवायचा, खालचा लोंबकळत ठेवायचा. उन्हाळ्यात बहुतेक सगळे तसेच उडतात. विमान स्टॉलच्या जवळ आलं की तो खालचा भाग हळूहळू वर तरंगायला लागतो. कबवाले त्यालाच भोंगा मानतात. त्याच सुमाराला वाऱ्याचा आवाज पातळ होतो, स्टिक सैल पडते, आणि एलेरॉन (विमान तिरकं करणारा पंखाचा पत्रा) डावीकडे दिलं तर नाक आधी उजवीकडे जातं. पायाने चालवायचा रडर (शेपटीचा उभा पत्रा) न वापरता कब संथ उडवताच येत नाही. १७२ मध्ये पाय आळशी राहिले तरी विमान सांभाळून घेतं.

लँडिंगसाठी माझ्या गुरुजींनी सांगितलेली गोष्ट मी अजून प्रत्येक नव्या विमानात करतो. इंजिन सुरू करायच्या आधी, विमान सपाट जागेवर उभं असताना आपल्या सीटवर बसायचं आणि बघत राहायचं. क्षितिज काउलिंगला (इंजिनाच्या झाकणाला) कुठे कापतं, डाव्या बाजूच्या स्ट्रटचा (पंखाच्या आधाराच्या दांड्याचा) आणि जमिनीचा कोन किती. कब शेपटीवर उभी असते, म्हणजे तीन चाकी लँडिंगला जे दृश्य हवं तेच तुमच्यासमोर फुकट मांडलेलं असतं. हवेत फक्त ते परत आणायचं. नाकचाकाच्या विमानात थोडं वेगळं आहे, उभं असताना दिसतं ते दृश्य म्हणजे तिन्ही चाकं एकत्र टेकण्याचं. म्हणजे टेकताना त्यापेक्षा नाक वर हवं. वॉरियरमध्ये अशी दोन मिनिटं बसून बघा, १७२ च्या मानाने काउलिंग किती निराळी दिसते ते. बरेच जण जुन्या विमानाचं चित्र नव्या काचेत शोधत बसतात.

फ्लॅप नसल्यामुळे उंची जास्त झाली की स्लिप करायची, म्हणजे विमान तिरकं धरून वेग न वाढवता उंची उतरवायची, ही कबची दुसरी देणगी. पण ती सवय १७२ मध्ये जशीच्या तशी नेऊ नका. जुन्या १७२ मध्ये फ्लॅप उघडे असताना स्लिप टाळा अशी पट्टी असते, आणि १७२एस च्या पुस्तकात २० अंशांपेक्षा जास्त फ्लॅपला तीव्र स्लिप टाळायला सांगितलंय, कारण एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा पत्रा) थोडा थरथरू शकतो.

इंजिनाचंही बघा. टायगर मॉथ किंवा चिपमंकमध्ये जिप्सी मेजर असतं. त्याचा प्रोपेलर तुमच्या १७२ आणि वॉरियरच्या लायकमिंग इंजिनाच्या उलट फिरतो. स्लो फ्लाइटमध्ये थ्रॉटल वाढवलं की तुमचा उजवा पाय आपसूक पुढे जातो, आणि तिथे डावा हवा असतो. पाठ केलेला पाय कामाचा नाही, नाक कुठे चाललंय ते बघून पाय द्यायचा.

---

नॉटपाच

एवढा बारीक विचार करावा लागतो का? मी फायनलला पुस्तकातल्या वेगात ५ नॉट मिळवतो, वारा असेल तर १०. धावपट्टी लांब असली तर काय बिघडतं? कमी वेगाने जीव जातात, जास्त वेगाने फार तर धावपट्टी थोडी जास्त लागते.

---

रोटॅक्सवाला

नॉटपाच, हलक्या विमानात मीही वेग जरा राखून येतो, पण कारणासकट. ४५० किलोच्या विमानाला स्वतःचा रेटा जवळजवळ नसतो. थ्रॉटल आयडलला नेलं की फिरणारा प्रोपेलरच ब्रेकसारखा ओढतो. त्यामुळे नाक १७२ पेक्षा बरंच खाली ठेवून यावं लागतं, आणि राउंड-आउट (उतरणीतून नाक उचलून सपाट होणं) खाली, पण न रेंगाळता करावा लागतो. उंचपंखी, तुम्ही बहुधा १७२ च्या उंचीवरच नाक उचलायला सुरुवात करता आणि मग जमीन यायची वाट बघता. या विमानात वाट बघायला वेळ नसतो.

जमिनीजवळ वारा पडतो हाही भाग आहे. पन्नास फुटांवर समोरून १५ नॉट आणि खाली ८, म्हणजे ७ नॉट वाटेत गेले. ६५ ने येणाऱ्याला ते फारसं कळत नाही. ४५ ने येणाऱ्याचा जवळपास सहावा हिस्सा गेला. म्हणून मी वाऱ्याच्या दिवशी थोडं थ्रॉटल राउंड-आउटपर्यंत ठेवतो आणि चाकं अगदी जवळ आली की काढतो.

झेनिथ सीएच ७०१ उडवून बघितलंत तर हे टोकाला गेलेलं दिसेल. पंखाच्या पुढच्या कडेला कायमचे स्लॅट (फट ठेवून बसवलेल्या पट्ट्या) आहेत, त्यामुळे ते आश्चर्य वाटेल इतक्या संथपणे उडतं. पण त्या वेगात ड्रॅगही तसाच. थ्रॉटल बंद ठेवून संथ वेगाने आलात तर फ्लेअरला ऊर्जाच नसते. तिथे थ्रॉटल हाच उंचीचा कंट्रोल असतो, आणि पॉवर कर्व्हची मागची बाजू म्हणजे काय ते एका फेरीत समजतं. वेग कमी करायला नाक वर, आणि तेवढ्यासाठी थ्रॉटल जास्त.

---

उजवारडर

नॉटपाच, तुमची काळजी खोटी नाही. कमी वेगाने माणसं खरंच गेली आहेत. पण ती कुठे गेली ते बघा. सरळ फायनलला ६१ ऐवजी ५८ झाले म्हणून सहसा नाही. बेसवरून (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावरून) फायनलला वळताना धावपट्टीची रेघ ओलांडली जाते, जास्त तिरकं व्हायची भीती वाटते, मग आतल्या पायाने नाक ढकलून वळण पूर्ण करायचा मोह होतो. ते स्किड असतं. आतला पंख मागे राहतो, नाक खाली जातं, माणूस ओढतो, आणि विमान आतल्या बाजूला उलटून स्पिनमध्ये शिरतं, म्हणजे गिरक्या घेत कोसळतं. सर्किटच्या उंचीवर त्यातून सुटायला जागा नसते. तिथे घड्याळात ५ नॉट जास्त असून पुरत नाही, कारण स्टॉल वेगाने नाही, पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातल्या कोनाने होतो. उंची राखून विमान ६० अंश तिरकं करून वळलात तर स्टॉल वेग ४१ टक्के वाढतो, ४५ अंशांना १९ टक्के, ३० अंशांना जेमतेम ७. म्हणून मी ३० च्या पुढे जाऊ देत नाही. रेघ ओलांडली गेली तर ओलांडली जाऊ द्या, सरळ गो-अराउंड करा. यावर माझ्याकडे तडजोड नाही.

जास्त वेगाचा तोटा फक्त धावपट्टीच्या लांबीत मोजू नका. मूनी एम२० मध्ये तुमचे १० नॉट घेऊन या. पंख निसरडा, विमान जमिनीला लागून, आणि चाकांच्या दांड्यात रबराच्या चकत्या. माणूस कंटाळून विमान जबरदस्तीने टेकवतो, नाकचाक आधी लागतं, विमान उसळतं, तो नाक दाबतो, दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी, आणि तिसऱ्या वेळी प्रोपेलर जमिनीला लागतो. पहिली मोठी उसळी आली की थ्रॉटल पूर्ण आणि वर, हे मूनीवाले एकमेकांना उगीच बजावत नाहीत. सेसना १८२ चं नाक जड असतं. पुढे दोघेच बसले असतील आणि ट्रिम लावलेलं नसेल तर तीही नाकचाकावर आपटते, आणि मग इंजिनामागची फायरवॉल (भिंत) वाकलेली सापडते. या दोन्ही गोष्टी जास्त वेगाच्या आणि टेकवायच्या घाईच्या आहेत.

वारा झोतांचा असेल तर वेग वाढवायचाच, पण मोजून. १२ नॉट वारा आणि झोत २० चे, तर फरक ८, त्याचे निम्मे ४. तेवढेच मिळवायचे. वारा स्थिर १५ आहे आणि झोत नाहीत, तर मी काहीच मिळवत नाही.

---

उंचपंखी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी इन्स्ट्रक्टरना घेऊन वॉरियरमध्ये तो तीन हजार फुटांच्या धावपट्टीचा प्रयोग केला. ताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. नाक जागेवर, पंख सरळ, आणि काटा खाली. शेपूटचाक यांनी सांगितल्याप्रमाणे आधी सीटवर बसून काउलिंगही बघून घेतली. सर्किटमध्ये मागच्या रिकाम्या सीटांचा हिशोब धरून ५८ ला आलो आणि तरंगणं जवळपास गेलं.

आता अडलंय ते गो-अराउंडला. वॉरियरचा फ्लॅपचा दांडा दोन सीटांच्या मध्ये आहे आणि १७२ च्या बटणाची सवय असल्याने हात गोंधळतो. याचा सराव कसा करायचा? आणि वर प्रयोग करताना भोंग्याचा आवाजही १७२ पेक्षा वेगळा वाटला, ते का?

---

उजवारडर

भोंगा आधी. १७२ मध्ये डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक फट असते. पंखाचा हवेशी कोन वाढला की तिथे दाब पडतो, हवा ओढली जाते आणि आतली पाती वाजते. विजेचा संबंध नाही. उड्डाणाआधी त्या फटीवर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढली तर भोंगा वाजतो, करून बघा. पाती असल्यामुळे तो आधी कुजबुजतो आणि कोन वाढेल तसा आवाज चढतो. वॉरियरच्या पंखावर छोटी धातूची जीभ असते. हवा तिला वर ढकलते आणि विजेचा स्विच लागतो. तो एक तर बंद असतो किंवा चालू, मधलं काही नाही. म्हणून १७२ वर शिकलेल्याला वॉरियरचा इशारा एकदम आल्यासारखा वाटतो. मास्टर स्विच चालू करून ती जीभ बोटाने हलकेच उचला, वाजायला हवी.

गो-अराउंडचा क्रम दोन्हीकडे एकच आहे, हात मात्र वेगळे. आधी पूर्ण थ्रॉटल. त्याच क्षणी नाक वर जायला बघेल, कारण तुम्ही लँडिंगचं ट्रिम लावलेलं आहे. ते जोर लावून खाली धरायचं आणि उजवा पाय द्यायचा. हा जोर किती लागतो याचा अंदाज वरच्या प्रयोगात घ्या, पहिल्यांदा लोक दचकतात. तुमचं १७२एस इंजेक्शनचं आहे, त्यामुळे कार्ब हीटची (कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याची) सवय नसेल. वॉरियरला कार्ब्युरेटर आहे, वापरली असेल तर ती बंद करायला विसरू नका, नाहीतर हवी तेव्हा पूर्ण ताकद मिळत नाही.

मग फ्लॅप. १७२ मध्ये तुम्ही बटण २० वर नेता आणि मोटर सावकाश उचलते, तेवढ्यात वेग थोडा वाढलेला असतो. वॉरियरमध्ये मोटर तुमचा हात आहे. अंगठ्याने टोकाचं बटण दाबून दांडा सोडला तर ४० चे शून्य एका क्षणात होतात आणि विमान पायाखालून जातं. म्हणून दांडा घट्ट धरा, बटण दाबा, एक खाच खाली न्या, आणि बटण सोडा. खटका ऐकू आला पाहिजे. ४० वरून २५. विमान वर चढतंय हे व्हर्टिकल स्पीडवर दिसू द्या, मग २५ वरून १०, वेग वाढू द्या, मग शून्य. मी मुलांना हे हँगरमध्ये इंजिन बंद असताना करायला लावते. डोळे बाहेर, उजवा हात आधी थ्रॉटलवर, तिथून दांड्यावर, एक खाच, परत थ्रॉटलवर. हात खाली न बघता दांड्यावर पडायला लागला की मग वर.

आणि वॉरियरच्या उतरण्याआधीच्या तपासणीत दोन गोष्टी वाढवा. १७२ मध्ये फ्युएल सिलेक्टर दोन्ही टाक्यांवर असतो, इथे डावी किंवा उजवी असं निवडावं लागतं. डाउनविंडलाच (धावपट्टीला समांतर, उलट दिशेच्या टप्प्यात) जास्त इंधनाच्या टाकीवर न्या, गो-अराउंडच्या मध्ये त्याला हात लावायचा नाही. इलेक्ट्रिक पंपही तिथेच चालू करा, कारण टाक्या इंजिनाच्या खाली आहेत आणि इंधन आपोआप उतरत येत नाही.